देवळाच्या आवारातील ओंवळ आणि हिरवळ

गेल्या काही वर्षांत आमच्या देवस्थानांच्या आवारांत एक नवा शब्द येऊन बसला आहे. तो शब्द म्हणजे सुशोभीकरण. पूर्वी जीर्णोद्धार होत असे, रंगरंगोटी होत असे, तळीतला गाळ काढला जात असे. आता सुशोभीकरण होते. त्यासाठी आराखडा तयार होतो, तो रंगीत कागदावर छापला जातो आणि महाजनांच्या सभेत भिंतीला लावून सर्वांना दाखविला जातो. असाच एक आराखडा अंत्रुज महालातील एका देवस्थानाच्या काही महाजनांनी आमच्याकडे पाठवून त्यावर आमचे मत मागितले. देवस्थानाचे नाव घेण्याचे कारण नाही. हाच आराखडा थोड्या फरकाने दहा ठिकाणी दिसतो, आणि म्हणूनच त्याचे परीक्षण जाहीरपणे करावे असे आम्हांस वाटले.

एखाद्या काव्यग्रंथाचे परीक्षण करावे तसे बागेच्या आराखड्याचे परीक्षण करता येते काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आमच्या मते येते. आवाराची रचना हीदेखील एक रचना आहे. तिचा काही हेतू असतो, तिची काही सामग्री असते आणि त्या सामग्रीची त्या हेतूशी संगती लागते किंवा लागत नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेन्द्राने औचित्याचा विचार मांडताना गळ्यात मेखला आणि कमरेला हार घालणाऱ्याचे हसे होते असा दाखला दिला होता. मेखला वाईट नव्हे, हारही वाईट नव्हे. वाईट आहे ती जागा. पुढील सर्व विवेचनात आम्ही हीच कसोटी वापरणार आहोत. हिरवळीवर आमचा राग नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे.

आराखड्यात आहे ते असे. देवळाच्या पुढील चौकाच्या दोन्ही बाजूंस मिळून सुमारे हजार चौरस मीटर जागेत हिरवळ लावावयाची. तिच्या कडेने फरसबंदीच्या ठिकाणी रंगीत सिमेंटचे पेव्हर बसवावयाचे. प्रवेशद्वारापासून दीपस्तंभापर्यंत रॉयल पामांच्या दोन रांगा उभ्या करावयाच्या. या जागेत आज तीन झाडे आहेत : दोन ओंवळी आणि एक सुरंग. त्यांपैकी एक ओंवळ व सुरंग ‘दर्शनात अडथळा’ या कारणाने काढावयाची आहेत. उरलेल्या ओंवळीच्या बुंध्याभोवती गोल सिमेंटचा कट्टा बांधून तिच्या खालीही हिरवळच दाखविली आहे.

कागदावर हे सारे मोठे नेटके दिसते. परंतु पहिला दोष या कागदातच आहे, तो असा की झाड आणि गवत ही दोन्ही एकाच हिरव्या रंगाने रंगविलेली आहेत. ज्याने हा आराखडा केला त्याच्या लेखी दोन्ही म्हणजे ‘हिरवे क्षेत्र’. वस्तुतः ही दोन एकमेकांची शेजारीही होऊ शकत नाहीत. आपल्याकडे हिरवळीसाठी जे गवत सर्रास लावतात ती आपली हरळी होय. तिला इंग्रजीत बर्म्युडा बेटाचे नाव मिळाले असले तरी त्या बेटाशी तिचे कूळ जुळत नाही. ती उन्हाची लेक आहे. भर उन्हात, उष्ण हवेत ती झपाट्याने पसरते. सावलीत तिची कांडी लांबट, विरळ होतात आणि अखेर माती उघडी पडते. बाजारात ‘मेक्सिकन’ म्हणून जे मऊ, दाट गवत मिळते ते बहुधा झोयसिया या वंशातले असते. त्याचाही मेक्सिकोशी संबंध नाही. आशियाच्या किनारपट्टीचे ते रहिवासी. ते थोडीफार सावली सोसते, पण ओंवळीसारख्या बारमाही दाट पालवीच्या झाडाखाली तेही तग धरीत नाही. म्हणजे ज्या ओंवळीला आराखड्याने अभय दिले आहे तिच्या खालची हिरवळ दोन पावसाळ्यांत मरणार, आणि मग हिरवळ मरते म्हणून ओंवळीच्या फांद्या छाटण्याचा ठराव येणार. दुसऱ्या एका देवळात हा क्रम आम्ही प्रत्यक्ष पाहिला आहे. तेथे आधी फांद्या गेल्या, मग शेंडा गेला, आणि शेवटी ‘झाड कुरूप दिसते’ म्हणून झाडच गेले.

आता ओंवळीविषयी. बकुळ हे तिचे संस्कृत नाव अधिक प्रतिष्ठित खरे, पण गोमंतकात जन्मलेल्या माणसाला ओंवळ म्हटल्यावर जे आठवते ते बकुळ म्हटल्यावर आठवत नाही. पहाटे झाडाखाली पडलेला इवल्या चांदण्यांचा सडा, तो वेचणारी मुले, केळीच्या सोपाच्या धाग्यात गुंफलेले वळेसर, आणि फूल सुकून तपकिरी झाल्यावरही पेटीतल्या लुगड्यांना लागून राहणारा तो वास. बहुतेक फुले सुकली की निर्माल्य होतात. ओंवळीचे फूल सुकूनही आपले काम चालू ठेवते. झाड वाढते सावकाश. लावणाऱ्याला त्याची पुरती सावली पाहावयास मिळेलच असे नाही. पण एकदा वाढले की बारा महिने पानांनी भरलेले, घुमटासारखे गोलाकार, आणि सावली अशी दाट की दुपारी तिच्यात कवडसेही मोजके. त्या घुमटाचा व्यास बारा मीटर धरला तर जमिनीवर सुमारे ११३ चौरस मीटर सावली पडते. जत्रेच्या दिवशी दाटीवाटीने दोनशे माणसे तिच्यात उभी राहतील.

सावलीचा हा हिशेब आराखड्यात कोठेही नाही, आणि आमचा मुख्य आक्षेप येथेच आहे. देवळाचे आवार ही अनवाणी माणसांची जागा आहे. बागेत, राजवाड्यात, सरकारी कचेरीत माणूस जोडे घालून जातो. देवळात ते बाहेर काढून ठेवतो. तेव्हा आवाराची रचना करणाराने प्रथम पायांच्या तळव्यांचा विचार करावयास हवा. गोवा सुमारे पंधराव्या अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या आरंभी आणि पुन्हा ऑगस्टच्या मध्याच्या सुमारास सूर्य दोन प्रहरी अगदी माथ्यावर येतो. ऑगस्टमध्ये बहुधा ढग असतात. मे महिन्यात नसतात. त्या वेळी भिंतीला सावली नाही, दीपस्तंभाला सावली नाही, शिखराची सावली त्याच्याच पायाशी विरून जाते. उभ्या वस्तू त्या घटकेला निरुपयोगी होतात. सावली मिळते ती केवळ आडव्या पसरलेल्या छत्राखाली. मंडप घालावा, नाही तर झाड असावे. आणि रॉयल पाम? तो मूळचा कॅरिबियन बेटांकडचा, देखणा, सरळसोट वृक्ष. पण त्याचा झुबका उंचावर आणि आवाका लहान. त्याच्या सावलीत उभे राहणे म्हणजे खांबाच्या सावलीत उभे राहणे. आपला माडही तसाच सरळ आहे असे कोणी म्हणेल. माड नारळ देतो, त्याच्या झावळ्यांनी मंडप शाकारतो, देवाला श्रीफळ पुरवितो. रॉयल पाम यांतले काहीच करीत नाही. तो केवळ उभा राहून सलामी देतो.

दोन वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात अशाच एका सुशोभित आवारात आम्ही गेलो होतो. हिरवळ सुरेख राखलेली होती. तिच्याभोवती साखळी होती व ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी होती. पाटीच्या अलीकडे पेव्हर होते आणि ते तव्यासारखे तापलेले होते. एक वयस्क बाई दीपस्तंभाजवळ थांबली, एकदा हिरवळीकडे व एकदा आकाशाकडे पाहून शेजारच्या मुलाला म्हणाली, “हांगा सावळी आशिल्ली मरे, ती खंय गेली?” मुलाला काही सांगता आले नाही. तिने पदराचा शेव पायांखाली घेता येईल काय हे पाहिल्यासारखे केले आणि मग धावतच सभामंडप गाठला. वास्तविक ओले गवत तळव्यांना थंड लागते. तेथे चालण्याची मुभा असती तर हिरवळीने तिची थोडी तरी सेवा केली असती. परंतु शोभेची हिरवळ तुडविली की मरते, म्हणून तिला माणसांपासूनच जपावे लागते. झाडाला अशी पाटी लागत नाही.

हिरवळीची जन्मभूमी पाहिली म्हणजे हे असे का होते ते समजते. फ्रान्समधील व्हर्सायच्या उद्यानात गवताचा लांबलचक पट्टा आहे, त्याला ते लोक हिरवा गालिचाच म्हणतात. इंग्लंडात अठराव्या शतकात लॅन्सलॉट ब्राउनसारख्या उद्यानकारांनी सरदारांच्या वाड्यांभोवती मैलोगणती गवताळ भूमी पसरविली. तेथे ऊन सौम्य, पाऊस बारमाही. सावली हवी अशी तक्रार तेथील माणूस वर्षातून थोडेच दिवस करतो, त्याला ऊन हवे असते. गवत मेंढ्या चरून किंवा विळ्यांनी कापून आखूड ठेवीत. १८३० मध्ये एडविन बडिंग याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि मग सरदारांची ही चैन मध्यमवर्गाच्या अंगणात उतरली. हिंदुस्थानात ती राज्यकर्त्यांबरोबर आली. आग्र्याच्या ताजमहालाची मूळ बाग फळझाडांनी व फुलझाडांनी गर्द होती. विसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड कर्झनच्या काळात ती उघडी करून तेथे सपाट हिरवळी आणल्या गेल्या. आज आपण ताजचे जे चित्र डोळ्यांपुढे आणतो त्यात हिरवळ असते, आणि ती मोगलांचीच असावी असे आपल्याला वाटते.

पुढे प्राचीन वास्तूंचे जतन करणाऱ्या खात्याने हीच रीत देशभर चालविली. आमच्या तांबडी सुर्ला येथील महादेवाच्या देवळाचेच पाहावे. कदंबांच्या काळचे हे काळ्या पाषाणाचे देऊळ सह्याद्रीच्या पायथ्याशी, रानात, नदीकाठी उभे आहे. चारी बाजूंनी अरण्य, आणि देवळापुढे मात्र कापलेली हिरवळ व आखीव वाट. या हिरवळीचे समर्थन होऊ शकते. वास्तू नाजूक आहे, तिच्यावर झाडे माजू नयेत, प्रेक्षकाला ती एका दृष्टिक्षेपात दिसावी आणि जमिनीची धूप होऊ नये, ही सर्व कारणे खरी आहेत. शिवाय सावलीला तेथे तोटा नाही. दहा पावलांवर रान आहे. जुन्या गोव्यात बासिलिकापुढे व से कॅथेड्रलभोवती जी विस्तीर्ण हिरवळ आहे तिचेही तसेच. त्या इमारतींची दर्शनी भिंत दुरून पाहण्यासाठी रचलेली असते, तेव्हा पुढे मोकळे मैदान शोभते. परंतु त्या मैदानात उभे राहिल्यावर आमच्या मनात दरवेळी एक विचार येतो. येथे एके काळी घरे होती, बाजार होते, गजबजलेल्या गल्ल्या होत्या. ते नगर ओस पडले, मोडले, आणि ते जेथे होते तेथे आता गवत आहे. हिरवळ ही पुष्कळदा गेलेल्या वस्तीवरचे पांघरूण असते. ज्या देवळात रोज पहाटे चौघडा होतो, सोमवारी पालखी निघते, काल्याला गाव लोटतो, त्या देवळाने आपल्या अंगणावर हे पांघरूण का ओढून घ्यावे? वस्तुसंग्रहालयाची शोभा आपण नांदत्या घरात आणीत आहोत, असे हा आराखडा पाहताना आम्हांस वाटले.

राजवाड्याची गोष्ट वेगळी. आमचे बडोद्याचे वाचक लक्ष्मीविलास राजवाड्याच्या विस्तीर्ण हिरवळींचा दाखला देतील. त्या बागांची आखणी विल्यम गोल्डरिंग या इंग्रज उद्यानकाराने केली. वाडा एवढा अवाढव्य की त्याच्यापुढे हिरवळ नसती तर तो डोळ्यांत मावला नसता. तो रथातून, पुढे मोटारीतून पाहावयाचा. त्याच्यापुढे अनवाणी प्रदक्षिणा घालणारा कोणी नाही. तेथे हिरवळ उचितच आहे. पण त्याच बडोद्याचे नाव वडावरून पडले हेही त्या वाचकांना सांगावयास नको. आणि वडाला युरोपियनांनी जे नाव दिले तेही त्याच्या पानांवरून किंवा पारंब्यांवरून दिले नाही, तर त्याच्या सावलीत बसून व्यापार करणाऱ्या वाण्यांवरून दिले. त्यांनी झाड पाहिले आणि झाडाखालची माणसे पाहिली, व माणसांचे नाव झाडाला दिले. मडगावचा पिंपळकट्टाही असाच. कट्टा आणि पिंपळ हे दोन शब्द आता सुटे करता येत नाहीत.

येथे कोणी असा समज करून घेऊ नये की हिरवळ परकी म्हणून आम्हांला नको आणि झाड स्वदेशी म्हणून हवे. तो युक्तिवाद आमच्या अंगणातच मोडून पडतो. देवळादेवळांतून जो देवचाफा आपण पूजेला घेतो तो मूळचा अमेरिका खंडातला; काजू ब्राझीलचा; रस्त्यावर सावली देणारा पर्जन्यवृक्षही तिकडचाच. त्यांना आपण केव्हाच आपले म्हटले आहे. आणि हिरवळीची हरळी? ती तर साक्षात दूर्वा. गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी वाहणारे आम्ही तिला परकी कसे म्हणू? किंबहुना दूर्वेची खरी अवहेलना हिरवळीतच होते. पूजेची दूर्वा तीन किंवा पाच पात्यांची, कोवळ्या शेंड्याची हवी. हिरवळीत दर आठवड्याला यंत्र फिरते आणि शेंडा येण्याआधीच कापला जातो. हजार चौरस मीटर दूर्वा पसरलेली आणि चवथीच्या पूजेला दूर्वा बाहेरून आणावी लागते, हा विनोद आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. भरीला, हिरवळ ‘स्वच्छ’ राहावी म्हणून तिच्यातला एकूण एक अन्य अंकुर उपटला किंवा औषध मारून जाळला जातो. श्रावणातल्या आयताराच्या पूजेला स्त्रिया जी पत्री आणि रानफुले गोळा करतात, ती या उपटलेल्यांतच असतात. माटोळीची रानफळे तर दूरच राहिली.

पाण्याचाही विचार केला पाहिजे. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात हिरवळीला पाणी द्यावे लागत नाही हे खरे. किंबहुना त्या काळात आपली कोणतीही माती आपोआप हिरवी होते, तेरडा उगवतो, लाजाळू पसरते, त्यासाठी कोणाला पैसे मोजावे लागत नाहीत. उरलेल्या कोरड्या काळात उघड्या उन्हातली हिरवळ दिवसाला चौरस मीटरमागे सुमारे पाच लिटर पाणी पिते. हजार चौरस मीटरला दिवसाचे पाच हजार लिटर. दोनशे दिवसांचे दहा लाख लिटर. हे पाणी कोठून येणार? आराखड्यात ‘बोअर’ असे एका शब्दात लिहिले आहे. देवळाच्या तळीला ज्या झऱ्यांचे पाणी येते तेच पाणी खालून उपसले जाणार की काय, याची चौकशी कोणी केलेली दिसत नाही. ओंवळीला पहिली दोनतीन वर्षे घागरभर पाणी घालावे लागते. पुढे ती आपले पाणी आपण शोधते.

आणखी एक तांत्रिक गोष्ट. आपल्याकडची जमीन चिऱ्याची, वर मातीचा थर पातळ. म्हणून हिरवळीसाठी बाहेरून माती आणून वीतभर भर घालण्याची सूचना आहे. अशाने अंगणाची पातळी देवळाच्या जोत्याशी चढते आणि रोजच्या शिंपणाचे पाणी जोत्याच्या चिऱ्यांत मुरते. चिरा सच्छिद्र असतो, पाणी वर ओढतो. त्याबरोबर क्षार येतात, गिलावा फुगतो व सुटतो. झाडाच्या मुळांची भीती घालणाऱ्यांनी या ओलीची भीतीही थोडी बाळगावी.

मुळांची भीती मात्र खोटी नाही, आणि येथे आम्ही वृक्षप्रेमी मंडळींशीही सहमत नाही. पाखरांनी टाकलेल्या बीजातून शिखराच्या सांध्यात उगवलेला पिंपळ किंवा वड कोवळा असतानाच काढला पाहिजे. धर्मभावनेने तो राखणे म्हणजे झाडाकरिता देऊळ मोडणे होय. कंबोडियातल्या ता प्रोम मंदिराच्या भिंतींवर बसलेली प्रचंड मुळे छायाचित्रांत फार सुंदर दिसतात, पण ती भिंतींची कथा सांगतात हे विसरू नये. वड-पिंपळाची जागा पारावर, जोत्यापासून दूर. गुलमोहराची मुळे उथळ व फांद्या ठिसूळ. पावसाळ्यातल्या वादळात तो दगा देतो, तेव्हा माणसांच्या वर्दळीवर त्याचे छत्र नको. ओंवळीची फळे पिकली की खाली चिकट रांदा होतो, कावळे व वटवाघळे येतात, पानगळ रोज झाडावी लागते. हे सारे कबूल. समितीच्या पत्रात ‘कचरा’ हे झाड काढण्याचे दुसरे कारण म्हणून दिलेच आहे. पण हिरवळ काही न मागता राहते काय? कापणी, शिंपण, निंदणी, खत, आणि आपल्या धो धो पावसात साचलेल्या पाण्याने व बुरशीने पडणारे पिवळे चट्टे. एका झाडूची मजुरी वाचविण्यासाठी चार कामे अंगावर घेण्यात कसला हिशेब आहे?

मग लोक हिरवळच का पसंत करतात? याचे खरे उत्तर सौंदर्यदृष्टीत नाही, मुदतीत आहे. आपल्या देवस्थानांचा कारभार १९३३ च्या पोर्तुगीजकालीन माझानी नियमावलीने चालतो आणि समिती तीन वर्षांसाठी निवडली जाते. हिरवळ दोनतीन महिन्यांत उगवते, उद्घाटन करता येते, तिचा फोटो निघतो. ओंवळ लावली तर तीन वर्षांत ती पुरुषभर उंच होईल, तिच्यापुढे फीत कापता येणार नाही. समितीच्या सदस्यांना आम्ही यासाठी दोष देत नाही. ज्याला तीन वर्षांचा काळ मिळतो तो तीन वर्षांत दिसणारे काम करतो. पण जी झाडे आधीच उभी आहेत, ज्यांची साठसत्तर वर्षांची वाट दुसऱ्या कोणी पाहून झाली आहे, ती तोडण्यासाठी तर ही सबब पुरत नाही.

सोळाव्या शतकात साष्टीतून देव हलले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. ज्यांनी देव आणले त्यांना सभामंडप, नौबतखाना, अग्रशाळा एका दिवसात मिळाल्या नाहीत. त्या पुढच्या पिढ्यांनी बांधल्या. म्हणून या देवळांच्या आवारांत एक प्रकारचा सावकाशपणा आहे. एकेक वस्तू आपापल्या वेळी येऊन आपापल्या जागी बसली आहे. झाडांची जातही तीच. ती आवाराला वय देतात. हिरवळीला वय नसते. दहा वर्षांची हिरवळ आणि दहा आठवड्यांची हिरवळ एकसारखीच दिसते, आणि एकसारखी दिसावी म्हणूनच तिच्यावर खर्च होतो.

‘दर्शनात अडथळा’ या कारणाचा समाचार घेऊन आम्ही थांबतो. महाद्वारातून आत आल्याबरोबर संपूर्ण देऊळ दिसले पाहिजे, ही अपेक्षा छायाचित्रकाराची आहे. भक्ताची तशी अपेक्षा नसते. दाराशी आलेल्याला प्रथम ओंवळीच्या फांदीखालून दीपस्तंभाचा अर्धा भाग दिसतो, मग चार पावले पुढे गेल्यावर तुळशीवृंदावन, मग कौलारू छप्पराचा उतार, मग घुमट. आणि सभामंडपाच्या उंबरठ्याशी पोहोचल्यावर दूर आत समईच्या उजेडात मूर्ती. उन्हातून सावलीत, सावलीतून मंडपाच्या मंद उजेडात, तेथून गाभाऱ्याच्या काळोखात, असा डोळ्यांना वळण लावणारा हा क्रम आहे. बाहेरच्या लख्ख उन्हातून एकदम आत आलेल्या माणसाला काही क्षण काहीच दिसत नाही. झाड काढल्याने देऊळ लवकर दिसेल, पण देव उशिरा दिसेल.

गोव्यात १९८४ पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. अधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, तेव्हा ठराव झाला म्हणून उद्याच कुऱ्हाड पडेल असे नाही. सर्वसाधारण सभेपूर्वी अवधी आहे. महाजनांना आम्ही आराखडा काही फेरफार सुचवून परत पाठविला आहे. हिरवळ हवीच असेल तर ती आवाराबाहेर, मोटारी उभ्या राहतात त्या उतारावर लावावी. तेथे ऊन भरपूर आहे, धूळ उडते, आणि तेथे कोणी अनवाणी नसतो. आवाराची जमीन आहे त्याच पातळीवर ठेवावी. ओंवळींच्या बुंध्याभोवती सिमेंटचा कट्टा न बांधता, निदान फांद्यांच्या पसाऱ्याइतकी माती उघडी राखावी. बसण्यासाठी चिऱ्याचा सुटा बाक पुरे. पेव्हरांऐवजी पायवाटेपुरतेच दगड घालावे व त्यांच्या सांध्यांतून पावसाळ्यात जे उगवेल ते उगवू द्यावे. रॉयल पामांच्या रांगा आम्ही खोडल्या आहेत.

आराखड्यातील तीन झाडांभोवती आम्ही तांबड्या पेन्सिलीने तीन वर्तुळे काढली, त्यांच्या दुपारच्या सावलीएवढ्या मापाची. वराहमिहिराने बृहत्संहितेतल्या वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात दोन झाडांमधले उत्तम अंतर वीस हात सांगितले आहे. ते जुन्या ओंवळीपासून मोजले तेव्हा आग्नेयेचा रिकामा कोपरा, जेथे जत्रेच्या दिवशी फुलकान्नी टोपल्या मांडून उन्हात बसतात, नेमका त्या अंतरावर आला. तेथे चौथे वर्तुळ काढून त्यात आम्ही ‘ओंवळ, नवी’ एवढेच लिहिले आहे.